पावतीच्या पाठीवर

मुलुंडच्या जकात नाक्यावर सव्वीस वर्षं
हे शहर माझ्यासमोरून सुटं सुटं आत गेलं.
मोरबीच्या फरश्या, कडप्प्याचे ओटे,
पेंढ्यात गुंडाळलेली कमोडं,
एकदा तर आख्खी लिफ्ट,
ताडपत्रीखाली आडवी झोपलेली.
मी आधी बिल बघायचो, मग माल,
ड्रायव्हरचा चेहरा सगळ्यात शेवटी,
आणि खरी किंमत सांगायचो.
चुकलो असेन. फार नाही.

घरांचे भाव मात्र उलट्या बाजूला लिहिले,
रद्द पावतीपुस्तकांच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीनं.
शहाण्णव : मुलुंड पूर्व, फुटाला एकवीसशे. फार आहे. थांबावं.
दोन हजार तीन : अठराशे पन्नास. उतरतोय. अजून उतरेल. थांबावं.
आठ : पाच हजार दोनशे.
त्या आठवड्यात कुंदा माझ्याशी डब्यापुरतंच बोलली.
नऊ : चार हजार सहाशे.
नेणशीभाई म्हणाला, साहेब, हा तळ.
मी म्हटलं, तळाला पाटी असते का?
तेरा : अकरा हजार.
पुढे काही लिहिलेलं नाही,
पेन्सिलीचं टोक मोडल्याचा ठिपका आहे.

रविवारी आम्ही सॅम्पल फ्लॅट बघायचो.
तिथले पलंग जरा आखूड असतात, खोली मोठी दिसावी म्हणून.
हे कुंदानं पहिल्यांदा ओळखलं, आडवी होऊन.
कार्पेट म्हणजे पाय टेकतात तेवढं,
बिल्टअप म्हणजे भिंतींची जाडी,
आणि सुपर बिल्टअप म्हणजे
जिन्यात शेजाऱ्याला घातलेला नमस्कार,
त्याचेही पैसे.

दर अकरा महिन्यांनी करार, मग टेम्पो.
कपाटाचे स्क्रू कुंदा एका डबीत ठेवते.
डबीचं झाकण ती कधी घट्ट लावत नाही.

मग एका रात्री बाराच्या ठोक्याला नाकाच बंद झाला.
ट्रक थांबेनासे झाले.
थांबायची सवय उरली ती माझ्याकडे.

परवा नेणशीभाईनं गुप्त्यांकडे नेलं.
तिसरा मजला, लिफ्ट नाही, एक खोली, स्वयंपाकघर,
खिडकीत वाळत घातलेले गुडघ्याचे पट्टे.
मी वही काढली.
गुप्ते माझ्या वहीकडे बघत राहिले,
मग उठून आतून आपली घेऊन आले.
विम्याची जुनी डायरी, बारीक अक्षर, लाल शाई.

शहाण्णव : कमी आहे. थांबावं.
तीन : पडलाय. आत्ता विकणं मूर्खपणा. थांबावं.
आठ : चढतोय. अजून चढेल.
माझ्याच इमारती, माझेच महिने,
फक्त त्यांचा आकडा माझ्याहून दोनतीनशेनं जास्त.
आणि नऊ सालच्या पानावर :
नेणशी म्हणतो अजून गडगडेल, काढून टाका.

आम्ही दोघांनी नेणशीभाईकडे पाहिलं.
तो पंख्याकडे बघत होता.
पंखा बंद होता.

गुप्ते हसले आधी, की मी, आठवत नाही.
ते म्हणाले, अलिबागला भावाच्या वाडीत जायचं होतं हो,
हिचे पाय चालत होते तेव्हा.
मी म्हटलं, आम्हालाही बाल्कनी हवी होती.
दोन्ही वह्या टेबलावर उघड्या,
चहाचा एक गोल डाग दोघांच्या तेरा सालावर पडलेला.

आकड्यावर कोणी येईना.
मी स्टॅम्प ड्युटीचं विचारलं, त्यांनी सोसायटीच्या पत्राचं,
नेणशीभाईनं खोकून घेतलं.
तेवढ्यात आतून नळाचा आवाज आला.
कुंदा केव्हा उठून गेली कळलंच नव्हतं.
नळ पूर्ण सोडून, धारेखाली तळवा धरून
ती गुप्तेबाईंना विचारत होती,
पाणी किती वाजता येतं हो तुमच्याकडे?

साडेपाच ते सात, त्या म्हणाल्या.
संध्याकाळी अर्धा तास, पण जोर असतो.

मी पेन्सिल घेतली
आणि भावाच्या रकान्यात लिहिलं :
साडेपाच ते सात.